नाखवाकाका गाडी बघतात

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या सोसायटीत एक उमेदवार मतं मागायला आला होता. गळ्यात हार, हात जोडलेले, मागे घोषणा देणारी पोरं. तळमजल्यावर पहिलं दार नाखवाकाकांचं. काका बनियनवरच बाहेर आले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, उमेदवाराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कल्ले दाखवा."

उमेदवार नवखा होता. बिचाऱ्यानं चक्क आ केला.

समोरच्या दारात मी उभी होते. हसू दाबता दाबता माझ्या हातातलं दुधाचं पातेलं हिंदकळलं. काकांच्या चेहऱ्यावर मात्र रेषही हलली नाही. कारण काका विनोद करत नव्हते. ते खरोखरच बघत होते.

मासळी ताजी की शिळी हे ओळखायचं तर कल्ला उचलून बघायचा. आत लालभडक असेल तर घ्यायची, काळपट असेल तर पुढच्या पाटीकडे वळायचं. चेंदणी कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही. काका तिथलेच. पुढे नौपाड्यात आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला, म्हणजे घर सोडून फार लांब गेले असंही नाही. आडनाव नाखवा, पण होडीत बसलं की त्यांना उलटी होते. म्हणून बापानं शाळेत घातलं आणि काका वजनमापे खात्यात निरीक्षक झाले. दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं, पेट्रोल पंप, सगळं तपासायचं. जन्मानं कोळी आणि नोकरीनं निरीक्षक! असा माणूस शेजारी असला की काय होतं ते आम्हांला विचारा.

आमच्याकडे नवा कुकर आला तेव्हा मी पेढे द्यायला गेले, तर काका पेढा हातात तसाच धरून आमच्या स्वयंपाकघरात. "झाकणाचे कल्ले बघितलेस का, सुधा?" म्हणत त्यांनी रबर काढून वास घेतला. माझ्या नणंदेचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडची माणसं पोहे खात असताना हे "सहज" डोकावले आणि मुलाच्या वडलांना विचारलं, "पगाराचं राहू द्या, मुलगा चिडला की काय करतो ते सांगा. आतला रंग तिथं कळतो." आमचे हे त्या दिवसापासून आठवडाभर बोलले नाहीत काकांशी. लग्न झालं, सुखाचं झालं, ती गोष्ट वेगळी. सेवानिवृत्त होऊन काही वर्षं झाली होती तरी काका गोखले रोडनं चालत निघाले की वाण्यांचे हात आपोआप तराजूपासून लांब जायचे.

अशा माणसानं गाडी घ्यायचं ठरवलं. आणि त्या गाडीपायी माझ्या अख्ख्या उन्हाळी सुट्टीचं वाटोळं झालं.

आधी हिराकाकूंचं सांगते, नाहीतर गाडी कशाला ते कळणार नाही. हिराकाकू म्हणजे काकांची बायको. हसरी, गोरटेली, बोलायला गोड. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते काही धड लागलं नव्हतं. घरातल्या घरात पट्टा बांधून चालायच्या, पण धक्का सहन व्हायचा नाही. रिक्षा नको, बस नको, स्टेशनच्या पुलाचं तर नावच नको. त्यामुळे काकूंचं जग म्हणजे घर, सोसायटीचं आवार आणि आमचा फोन.

फोन आमचा, कारण त्यांच्याकडे नव्हता. दर गुरुवारी दुपारी कल्याणहून काकूंच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा. आक्का म्हणायच्या त्यांना सगळे. खाडीजवळ राहायच्या, आयुष्यभर सुकी मासळी विकलेली, आवाज असा की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला तरी चालावं. त्यांचे पाय सुजलेले, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. म्हणजे एक बहीण ठाण्यात अडकलेली, दुसरी कल्याणात. मधे अंतर ते केवढंसं! माझा भाऊ डोंबिवलीहून रोज नोकरीला त्याहून लांब जातो.

त्यात आक्कांना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच होता, दुसरा जायला लागला. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आक्का मलाच म्हणाल्या, "गो सुधा, त्याला सांग हिरीला एकदा घेऊन ये. मना तिचा तोंड बघू दे. मग काय, अंधारच हाय."

मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी काकांनी एक टॅक्सी ठरवली. काकूंना उशा लावून बसवलं आणि टॅक्सी माजिवड्याच्या पुढे खड्ड्यात अशी आपटली की तिथूनच परत फिरावं लागलं. काकू पंधरा दिवस अंथरुणाला. काकांनी तेव्हा जाहीर केलं, "भाड्याच्या गाडीचे कल्ले कोण बघतो? आता घेईन ती स्वतःची. आणि बघून घेईन."

आता काकांना गाडी चालवता येत नव्हती. ड्रायव्हर नंतर बघू म्हणाले. पण बघायला तर चालवणारं कोणी हवं! सोसायटीत लायसन्स असलेली आणि दारात गाडी नसलेली मी एकटीच. शाळेतल्या एका बाईंशी पैज लावून शिकले होते, आणि डोंबिवलीला भावाकडे गेले की त्याची खटारा हाणून हात साफ ठेवायचे. आमच्या ह्यांना स्टिअरिंग दिसलं की घाम फुटतो. तेव्हा काका सरळ माझ्याकडे आले. "सुधा, तुझी परीक्षा संपली ना?" माझी परीक्षा! मी भूगोलाचे पेपर तपासत होते.

हायवेवरच्या शोरूममध्ये काकांनी नव्या गाड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "नवी गाडी म्हणजे पोटातलं पोर," ते म्हणाले. "कसं निघेल कोणी सांगावं? मला वापरलेली दाखवा, पण चांगल्या घरात वापरलेली."

विक्रेता साळवी म्हणून होता, डोंबिवलीचा. टाय लावलेला, तोंडात सतत "नो प्रॉब्लेम". तो आम्हांला मागच्या आवारात घेऊन गेला. तिथं एक आकाशी रंगाची छोटी चारदारी उभी होती. "काका, ही आमची स्वतःची. कस्टमरची गाडी दुरुस्तीला आली ना, की तेवढे दिवस त्याला वापरायला ही देतो. आता नवी आली म्हणून ही काढतोय. कंडिशन एकदम मस्त. मालक एकच, शोरूम!"

"मालक एक," काका म्हणाले, "पण बसले किती?"

"म्हणजे काका, तसे... बरेच."

"म्हणजे दहा घरचं पाणी प्यालेली आहे."

"नो प्रॉब्लेम काका, सर्व्हिसिंग सगळं आमच्याकडेच—"

"बॉनेट उघडा. कल्ले बघू."

बॉनेटमध्ये डोकं घालून काका किती वेळ होते कोण जाणे. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नुसतं बघणं, वास घेणं, बोट फिरवून बोटाला काय लागतं ते बघणं, ह्यात त्यांचा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात नसेल. मग मला म्हणाले, "चल, चालव." आणि स्वतः जाऊन मागच्या सीटवर डावीकडे बसले.

साळवी म्हणाला, "काका, पुढे बसा ना, फील येईल."

"ज्याला बसायचंय त्याला मागे बसायचंय," काका म्हणाले.

पिशवीतून त्यांनी एक पितळी माप काढलं. एक लिटरचं, खात्यातल्या लोकांनी निरोपाच्या वेळी दिलेलं. बाटलीतलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं, मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले, कोणी बंदूक रोखावी तसे. "निघा आता."

साळवीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे पाहिलं. तीन हात नाका ओलांडून थोडं पुढे गेलो आणि परत आलो, तोवर काकांच्या लेंग्याची अवस्था अशी होती की सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई तोंड फिरवून बसली. शोरूमला परतल्यावर त्यांनी छोट्या मापानं मोजून किती सांडलं ते काढलं. "टॅक्सीपेक्षा बरं. पण अजून समाधान नाही."

ह्या "समाधान नाही"चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. काकांनी साळवीकडे मागणी केली होती, की ही गाडी ज्या ज्या गिऱ्हाइकांनी नेली त्यांची नावं आणि पत्ते द्या, चौकशी करायची आहे. साळवी म्हणाला, "काका, असं कोणी विचारत नाही हो!" काका म्हणाले, "मुलगी करताना मामाच्या गावापर्यंत चौकशी करतोस की नाही? मग?" साळवीचं स्वतःचं लग्न त्याच महिन्यात ठरत होतं. त्यानं चार-पाच नावं दिली. मला वाटतं त्याला तेव्हाच पश्चात्ताप झाला.

मग सुरू झाली आमची चौकशीची वारी. आणि जायचं कशातून? त्याच गाडीतून! साळवीला शेजारी बसवून. शोरूमवाल्यांनी हे कसं चालवून घेतलं असं तुम्ही विचाराल. काकांनी पूर्वी त्यांच्या शेजारच्या पंपाचं माप तपासून गिऱ्हाइकांना कमी पेट्रोल मिळतंय हे उघड केलं होतं, आणि शोरूमचे मालक त्या पंपाचे कट्टर दुश्मन. तेवढ्या पुण्याईवर आम्ही हिंडत होतो.

पाचपाखाडीतल्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी उत्तम, ब्रेक मऊ. काकांनी त्यांना विचारलं, "तुम्ही स्वतः दुखू न देता दात काढता का?" डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करतो." काका बाहेर येऊन म्हणाले, "खरं बोलणारा माणूस आहे, त्याचं धरायला हरकत नाही."

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं चहा पाजला आणि गाडीचं तोंड भरून कौतुक केलं. काकांना ते खटकलं. "एवढं कौतुक का करतो? काहीतरी केलेलं असणार ह्यानं." परतताना ते संपूर्ण रस्ताभर सीटचा वास घेत होते. साळवी कळवळून म्हणाला, "काका, वास एमआयडीसीचाच आहे, बाहेरून येतोय, काच वर घ्या." काच वर घेतली. वास गेला. तरी काकांचं समाधान झालं नाही.

तिसरा होता कल्याणच्या बाजारातला कांद्याचा व्यापारी. त्यानं म्हणे मागच्या सीटवर कांद्याची पोती टाकली होती. हे साळवीच्या तोंडून निसटलं आणि काका बसल्या जागी उठून उभेच राहिले. "मागच्या सीटवर? डावीकडे की उजवीकडे?" झालं. निघालो कल्याणला. भिवंडी बायपास, मग कोन गाव, मग दुर्गाडीचा पूल. मी खड्डे चुकवत चालवत होते आणि मागे काका मांडीवर माप घेऊन, दोन्ही हात वर.

पूल उतरलो आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मी गाडी कडेला घेतली. "काका," मी म्हटलं, "आपण कल्याणला आलोय."

"मग?"

"मग काय मग? काकूंना कल्याणला न्यायला गाडी हवी. ती गाडी काकूंना कल्याणला नेईल की नाही हे बघायला आपण ती गाडी घेऊन कल्याणला आलोय. काकू कुठे आहेत? ठाण्याला!"

साळवी खिडकीबाहेर बघत हसत होता. काकांनी माप नीट धरलं. "बघितल्याशिवाय तिला बसवू? एकदा बसवली ना टॅक्सीत?"

"निदान आक्कांना तरी भेटून जाऊ. त्यांची गल्ली ही काय, इथं वळलं की."

"नको," काका म्हणाले. एवढंच. आणि त्या गल्लीवरून गाडी गेली तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत राहिले. मला तेव्हा मनापासून राग आला. इतका कसला माणूस तो चिकित्सक, की माणुसकी विसरावी!

कांदेवाल्यानं सांगितलं, पोती उजवीकडे टाकली होती. तरी आम्ही आणखी एकदा कल्याणला गेलो, कारण कांदेवाला उजवी म्हणाला ती गाडीत बसल्यावरची की समोरून बघितल्यावरची, हे काकांनी विचारायचं राहिलं होतं.

मे संपत आला. एका बुधवारी साळवीनं माझ्या घरी फोन केला. "मॅडम, काकांना सांगा, एक डॉक्टर कॅश घेऊन बसलेत. मी शनिवारपर्यंत थांबवतो, त्याच्यापुढे माझ्या हातात नाही. प्लीज मॅडम, मला काका आवडतात हो, पण माझी नोकरी पण मला आवडते."

आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार. फोन वाजला. काकूंना आणायला जायच्या आधी मी उचलला, तर आक्कांचा आवाज नेहमीसारखा गडगडत नव्हता. "सुधा, हिरीला बोलाव. काल मना माझा हात दिसला नाय नीट. पुसट पुसट झाला सगला." काकू आल्या, रिसीव्हर कानाला लावला आणि बोलत राहिल्या, हसत राहिल्या. "येते गो, येते, गाडी घेतायत ना हे." फोन ठेवला, आणि आमच्या त्या छोट्या स्टुलावर तशाच बसून राहिल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तशीच काकांकडे गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. तोंडाला येईल ते बोलले मी. शिक्षिकेचं तोंड, त्यात पट्टा सुटला की सुटलाच. "तुम्ही दातवाल्याला विचारलंत, कांदेवाल्याला विचारलंत, दोन मेकॅनिक झाले, तुमच्या कोळीवाड्यातल्या भगतालासुद्धा विचारून आलात. ज्यांना त्या सीटवर बसायचंय त्यांना एकदा तरी विचारलंत का? काकूंना विचारलंत?"

काकांनी पेपरची घडी घातली. परत उघडली. परत घातली.

"तिला एकदा विचारलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"ऑपरेशनच्या वेळी. डॉक्टर म्हणाले, करायचं तर आत्ता. मी तिला विचारलं, हिरे, करूया का? ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते. मला योग्य वाटलं. मी सही केली. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, भावाला नाही, कोणाला नाही. जिंदगीत एकच गोष्ट मी झटक्यात केली, सुधा." त्यांनी घसा खाकरला. "तिला आता परत विचारलं तर ती तेच म्हणणार. तुम्हाला योग्य वाटेल ते. आणि रस्त्यात काही झालं म्हणजे? आक्काला तोंड काय दाखवू? तुझ्या बहिणीला मी अशी केली म्हणून सांगू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या गल्लीवरून जाताना ते दुसरीकडे का बघत होते, तेही मला कळलं. शेजारी राहून इतकी वर्षं मी ह्या माणसाला नुसती हसत होते. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी मी गाडी इथं दारात आणते. बाकी तुम्ही बघा."

शनिवारी मी आणि साळवी गाडी घेऊन आलो. काका लेंगा-शर्ट घालून, माप घेऊन तयार. आज शेवटची चाचणी, म्हणाले, खोपटच्या रस्त्यानं. मी काही बोलणार एवढ्यात त्यांच्या मागून दार उघडलं. काकू बाहेर आल्या. पट्टा बांधलेला, वरून हिरवी सुती साडी, डोक्यात अबोलीची वेणी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सुक्या सोड्यांचा डबा, बहिणीला द्यायला. बहीण जन्मभर सुकी मासळी विकलेली, आणि ही तिला सोडे नेत होती!

"कुठे निघालीस?" काका ओरडलेच.

"कल्याणला," काकू म्हणाल्या. "सुधा, मागचं दार उघड."

काका दाराच्या आणि काकूंच्या मधे येऊन उभे राहिले. "हिरे, अजून बघून झाली नाही. डावीकडची स्प्रिंग जरा... आणि मी म्हणतो, घाई नको. एकदा घाई केली ना मी. माझ्यापायी तुझं असं झालं, आता परत नको."

काकू थांबल्या. काठीवर भार देऊन त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "तुमच्यापायी? कसलं तुमच्यापायी?"

"ऑपरेशन. मीच ठरवलं ना."

"तुम्ही कुठे ठरवलंत?" काकू म्हणाल्या. "तुम्ही खाली चहा प्यायला गेला होतात तेव्हा डॉक्टर आले होते माझ्याकडे. मी त्यांना हो सांगून टाकलं होतं. मलाच घाई. मला पायांत मुंग्या यायच्या, रात्र रात्र झोप नसायची, मीच म्हटलं, कापा काय ते. मग तुम्ही वर आलात आणि विचारलंत."

"मग तू म्हणालीस, तुम्हाला योग्य वाटेल ते."

"मग काय म्हणू? डॉक्टर समोर, तुमचा भाऊ दारात. चारचौघांत नवऱ्यानं विचारलं तर तसंच म्हणतात. तुमचा मान राहावा म्हणून म्हटलं मी."

सोसायटीचा वॉचमन नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता, ते पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. साळवी टायच्या गाठीशी चाळा करत बसला होता. काका म्हणाले, "मग मला... कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही ते मनात धरून बसलायत हे मला काय ठाऊक! तुम्ही कधी बोललात?" काकूंचा आवाज फुटला. "मला वाटायचं, आजारी बायको गळ्यात पडली म्हणून हा माणूस असा झालाय. सगळ्या जगावर संशय घेत हिंडतोय."

एका घरात, एका ताटात जेवणारी दोन माणसं! एकानं अपराध उराशी धरायचा, दुसरीनं ओझं झाल्याची लाज. आणि मधे "तुम्हाला योग्य वाटेल ते." मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटत होतं. पण मी दार उघडलं.

काकूंना बसवायला वेळ लागला. काका त्यांच्या शेजारी बसले. पितळी माप ओट्यावरच राहिलं. मी आयुष्यात तेवढी हळू गाडी चालवली नाही. मागून येणारे ट्रकवाले शिव्या देत गेले, देऊ देत. पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी बसलीच. मी आरशात बघितलं. काकूंनी डोळे घट्ट मिटले होते.

"दुखलं का गो?" काकांनी विचारलं.

"दुखलं."

"परत फिरू?"

"नाय," काकू म्हणाल्या. "दुखू दे. चल सुधा."

दुर्गाडीचा पूल येईपर्यंत हे असंच चाललं. प्रत्येक खड्ड्याला काका विचारायचे, काकू खरं सांगायच्या, आणि गाडी पुढे जायची.

आक्कांच्या घरासमोर गाडी थेट ओट्याला लागली. आक्का दारातच बसल्या होत्या, भल्या थोरल्या, पाय पाटावर पसरून, मान एका बाजूला वळवून, उरलेला डोळा आमच्याकडे करून. काकांनी हात धरून काकूंना नेलं. आक्कांनी हात पुढे केला आणि हिराकाकूंची हनुवटी धरली. "इकडं हो. उजेरात हो जरा." काकू वळल्या. सकाळचं ऊन तोंडावर आलं. आक्कांनी त्यांचं तोंड इकडे केलं, तिकडे केलं, अगदी जवळ नेलं. दिसतंय की नाही, काही कळेना.

"हिरे," आक्का शेवटी म्हणाल्या, "म्हातारी झालीस गो तू!"

"दिसतंय!" काकू ओरडल्या, "दिसतंय हिला, दिसतंय!" आणि मग बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या मोठ्यानं रडल्या, की शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. आक्का त्यांच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होत्या, "गप गो, गप. रडतेस कशाला? केस पन पिकले तुझे. नाकाची चमकी कुठं गेली?" एकेक गोष्ट बघून बघून सांगत होत्या.

काका उंबऱ्याबाहेर उभे होते. मग त्यांनी आत वाकून हळूच विचारलं, "हिरे, घ्यायची का गो ही गाडी?"

काकूंनी मान वळवली नाही. "घ्या," त्या म्हणाल्या. "आणि जरा बाहेर बसा, आम्हांला बोलायचंय."

काका ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी माझा रुमाल दिला तर तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. आत दोघी एकदमच बोलत होत्या, कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं.

साळवी थोडा वेळ घुटमळला, मग बिचकत म्हणाला, "काका, मग... फायनल ना? तुम्ही एकदा शेवटचं बघून घ्या हवं तर."

"तिनं सांगितलं ना," काका म्हणाले.